झेड ५१ : डिझेलवर चालायची होती ती विनाशिका

प्रश्न थोडक्यात असा आहे : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने वाफेवर चालणाऱ्या विनाशिका सोडून ‘झेड ५१’ ही डिझेल इंजिनांची विनाशिका का बांधायला घेतली, ती पुरी का झाली नाही, आणि पुरी झाली असती तर काही फरक पडला असता का?

मी नौदलात इंजिनिअरिंग शाखेत होतो. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलो, पुढे लिअँडर वर्गाच्या फ्रिगेट्सवर बॉयलररूममध्ये बरीच वर्षं काढली आणि नंतर डिझेलवर आलो. वाफ आणि डिझेल या दोन्हींशी रोजचा संबंध आल्यामुळे हे जहाज मला फार जवळचं वाटतं. त्याच्याबद्दल बोलताना बहुतेक लोक तोफांपासून सुरुवात करतात. मी टाकीतल्या तेलापासून करतो, कारण हे जहाज जन्माला आलं तेच तेलाच्या हिशेबातून.

१९३०च्या दशकात जर्मनीने नव्या विनाशिका बांधायला घेतल्या तेव्हा त्यांच्या इंजिनिअरांनी एक मोठी उडी मारली. त्या काळी इतर नौदलांच्या जहाजांत वाफेचा दाब साधारण २० ते ३० वातावरणांच्या (म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तितक्या पटीच्या) आसपास असे. जर्मनांनी एकदम ७० वातावरणांवर, काही जहाजांत तर ११० वातावरणांपर्यंत झेप घेतली. हिशेब कागदावर बिनचूक होता. दाब आणि तापमान वाढवलं की तेवढ्याच शक्तीसाठी यंत्रसामग्री लहान आणि हलकी होते, तेलही कमी लागतं. ७०,००० अश्वशक्ती एका निमुळत्या जहाजात कोंबायची तर दुसरा रस्ता दिसत नव्हता.

अडचण वापरात आली. तुलनेसाठी सांगतो, आमच्या लिअँडरचे बॉयलर साधारण ३८ वातावरणांवर चालत, आणि तेही १९६०-७०च्या काळातल्या पोलाद आणि वेल्डिंगच्या जिवावर. तरीसुद्धा कंडेन्सरच्या, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या, एखाद्या नळीतून समुद्राचं पाणी झिरपलं आणि बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात (फीडवॉटरमध्ये) क्षार चढले की आमची झोप उडायची. दर तासाला नमुना घ्या, चाचणी करा, कुठली नळी गळते ते शोधा. दाब जितका जास्त तितकी बॉयलरची नळी अशुद्ध पाण्याला कमी सोसते. आता हाच खेळ दुप्पट दाबावर, १९३७ सालच्या धातूंनी आणि घाईघाईत भरती केलेल्या खलाशांना घेऊन खेळायचा. नळ्या फुटणं, वाफ आणखी तापवणारे सुपरहीटर बिघडणं, गळती आणि गोदीत पडून राहणं हे जर्मन विनाशिकांचं रोजचं दुखणं झालं. मी त्या इंजिनिअरांना दोष देत नाही. जमिनीवरच्या वीजकेंद्रात हे बॉयलर चांगले चालले असते. पण विनाशिकेत दर दहा मिनिटांनी वेग बदलतो, जहाज डोलतं, आणि नळीजवळ पोचायला माणसाला कुशीवर आडवं होऊन सरपटावं लागतं.

त्याहून मोठं दुखणं पल्ल्याचं होतं. १९३४ प्रकारच्या विनाशिकांमध्ये ७५२ टन तेल मावे आणि त्यावर १९ नॉटच्या (तासाला १९ सागरी मैल) वेगाने ४,४०० सागरी मैल जाता येईल असा आराखड्याचा अंदाज होता. जहाज पाण्यात उतरलं तेव्हा कळलं की ते वरून जड आहे. स्थिर राहायचं तर टाक्यांतलं सुमारे ३० टक्के तेल तळाशी वजन म्हणून तसंच ठेवावं लागे. प्रत्यक्षातला पल्ला उरला १,५३० सागरी मैल. म्हणजे आराखड्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

या आकड्याचा अर्थ काय हे एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेत नार्विकला दिसलं. दहा जर्मन विनाशिका पर्वतीय पलटणीचे सुमारे दोन हजार सैनिक घेऊन वादळी समुद्रातून तिथे पोचल्या. पोचेपर्यंत टाक्या तळाला गेल्या होत्या. परत फिरायला तेल हवं होतं आणि फिओर्डमध्ये (डोंगरांमधल्या समुद्राच्या अरुंद खाडीत) तेल देणारं एकच जहाज होतं, ‘यान वेलेम’ नावाचं, पूर्वी व्हेलच्या शिकारीसाठी वापरलेलं कारखाना-जहाज. ते एका वेळी दोनच विनाशिकांना तेल देऊ शकत होतं आणि प्रत्येकीला तासन्‌तास लागत होते. दुसरं टँकर ‘काट्टेगाट’ वाटेतच गमावलं गेलं. या विनाशिकांचे प्रमुख कमोडोर फ्रीडरिश बोंटे यांना ९ तारखेलाच परत निघायचं होतं, निघता आलं नाही. १० एप्रिलच्या पहाटे पाच ब्रिटिश विनाशिका हिमवर्षावात आत शिरल्या. बोंटे मारले गेले, दोन जर्मन विनाशिका बुडाल्या. १३ एप्रिलला ‘वॉरस्पाइट’ ही युद्धनौका नऊ विनाशिकांसह आली आणि उरलेल्या आठही संपल्या. युद्धाच्या सुरुवातीला जर्मनीने बांधलेल्या विनाशिका २२ होत्या. त्यांतल्या दोन आधीच फेब्रुवारी महिन्यात गमावल्या होत्या, दहा इथे गेल्या. अर्धा ताफा एका फिओर्डमध्ये अडकून संपला, आणि अडकण्याचं एक ठळक कारण तेल होतं.

म्हणून जेव्हा कोणी झेड ५१ ला ‘चमत्कारी शस्त्र’ वगैरे म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. ती एका साध्या, जुन्या आणि खऱ्या तक्रारीवरचा उपाय होती.

उपाय जर्मनांच्या घरातच होता. ‘डॉइचलांड’ वर्गाची तीन मोठी जहाजं, ज्यांना इंग्रज ‘पॉकेट बॅटलशिप’ म्हणत, ती पूर्णपणे डिझेलवर चालत. १९३३ मध्ये सेवेत आलेल्या ‘डॉइचलांड’मध्ये ‘मान’ कंपनीची आठ डबल-ॲक्टिंग टू-स्ट्रोक इंजिनं होती. त्याच वर्गातली ‘ग्राफ श्पे’ ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनीहून निघाली आणि दक्षिण अटलांटिक, हिंदी महासागर असं जवळपास चार महिने फिरत राहिली. मध्येमध्ये ‘आल्टमार्क’ या पुरवठा जहाजाकडून तेल घेतलं, पण एवढी वणवण जर्मनीच्या वाफेच्या विनाशिकेला स्वप्नातही जमली नसती. १३ डिसेंबर १९३९ ला प्लेट नदीच्या मुखाशी तिला तीन ब्रिटिश क्रूझर भिडल्या. त्यांतली ‘अकिलीस’ पुढे १९४८ मध्ये भारताकडे आली आणि ‘दिल्ली’ नावाने १९७८ पर्यंत आपल्या नौदलात राहिली. आमच्या पिढीने तिचं नाव मोठ्या आदराने ऐकलं आहे. त्या लढाईत ‘ग्राफ श्पे’ची इंजिनं शाबूत होती, पण जड तेल गरम करून गाळणारी यंत्रणा निकामी झाली होती. डिझेलवाल्याला यातला धडा चटकन कळतो. इंजिन कितीही दणकट असो, त्याच्या तोंडी जाणारं तेल स्वच्छ नसेल तर ते लोखंडाचा गोळा आहे.

मग विनाशिकांमध्ये आधीच डिझेल का घातलं नाही? वजनामुळे. १९३४ साली २८ नॉटच्या मोठ्या जहाजाला चालणारं इंजिन ३६ नॉटच्या लहान, अरुंद जहाजात बसत नव्हतं. ‘मान’ने पुढच्या काही वर्षांत त्याच जातीचं जास्त आटोपशीर, जास्त वेगाने फिरणारं इंजिन तयार केलं, तेव्हा कुठे विचार सुरू झाला.

डबल-ॲक्टिंग म्हणजे काय ते थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गंमत आणि सगळी भीती त्यात आहे. साध्या इंजिनात पिस्टनच्या फक्त वरच्या बाजूला ज्वलन होतं. इथे पिस्टनच्या वरही ज्वलन आणि खालीही ज्वलन. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेरीत दोन्ही बाजूंनी एकेक धक्का. त्याच आकाराच्या सिलिंडरमधून जवळजवळ दुप्पट काम निघतं. किंमत अशी, की पिस्टनचा दांडा खालच्या ज्वलनकक्षातून आरपार जातो, आणि तिथे धगधगत्या वायूला अडवून धरणारं सील बसवावं लागतं. पिस्टनला दोन्हीकडून आच, म्हणून तो आतून थंड करावा लागतो. खालच्या बाजूची दुरुस्ती म्हणजे काय हाल असतात हे ज्याने अशा अडचणीच्या जागी पान्हा चालवला आहे त्यालाच कळेल.

अशी सहा इंजिनं झेड ५१ साठी ठरली. प्रत्येकी ९,५२० अश्वशक्ती, एकूण ५७,१२०. पंखे फिरवणारे शाफ्ट तीन. मधल्या शाफ्टवर गिअरबॉक्समधून चार इंजिनं जोडलेली आणि बाहेरच्या दोन शाफ्टवर एकेक. जहाज सुमारे ११४ मीटर लांब, ११ मीटर रुंद, प्रमाणित विस्थापन २,०५० टन. तिच्या आधीच्या ‘१९३६ ए’ प्रकारच्या विनाशिका १२७ मीटर लांब आणि बऱ्याच जड होत्या. त्यांच्यावर क्रूझरला शोभतील अशा १५ सेंटिमीटरच्या तोफा चढवल्या होत्या, आणि त्या वजनाने जहाजाचं नाक लाटेत घुसायचं. झेड ५१ वर पाच इंची वर्गातल्या चारच एकेरी तोफा, सहा टॉर्पेडो नळ्या आणि भरपूर विमानविरोधी तोफा ठरल्या. हा संयम मला या आराखड्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. नवं इंजिन तपासायचं असेल तर जहाजावर बाकीचे प्रयोग करू नयेत, हे कोणीतरी ठामपणे ठरवलं असणार.

मधल्या शाफ्टवर चार आणि बाजूंना एकेक, ही मांडणी विचित्र दिसते. पण जरा हिशेब करून पाहा. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. पूर्ण शक्तीला ३६ नॉट धरले तर बाहेरच्या दोन इंजिनांवर, म्हणजे एक तृतीयांश शक्तीवर, २५ नॉटच्या आसपास वेग निघतो. मधला पंखा पाण्यात नुसता ओढला जातो त्याचे दोन-तीन नॉट वजा करा. तरी गस्तीला, काफिल्याच्या रक्षणाला लागणारा सगळा वेग दोन इंजिनांत मिळतो आणि मधली चार बंद ठेवून त्यांची देखभाल करता येते. विनाशिकेचं ऐंशी-नव्वद टक्के आयुष्य याच वेगात जातं. पूर्ण वेग लागतो तो लढाईच्या तासाभरात. म्हणजे मांडणी करणाऱ्याने जहाज रोज कसं चालतं याचा विचार केला होता.

आता तेल. २० नॉटला याच हिशेबाने साधारण ९,८०० अश्वशक्ती लागेल. त्या जातीचं डिझेल एका अश्वशक्तीला तासाला १८० ग्रॅमच्या आसपास तेल घेईल असं धरू. तासाला पावणेदोन टन, म्हणजे १,००० सागरी मैलांना ९० टनांच्या आत. जनरेटर, गरम पाणी, खवळलेला समुद्र, शेवाळलेला तळ हे सगळं धरून माझा आकडा दुप्पट करा, १८० टन म्हणा. वर सांगितलेल्या १९३४ प्रकारच्या जहाजाचं गणित काय येतं? ७५२ टनांतले वापरण्याजोगे सुमारे ५२५ टन भागिले १,५३० मैल, म्हणजे हजार मैलांना जवळपास ३४५ टन. आकाराने ही दोन्ही जहाजं फार लांबची नाहीत. सावधपणे मोजूनही निम्मं तेल. नार्विकच्या फिओर्डमध्ये हा फरक काय ठरला असता याची कल्पना करा.

आणि तयारीचा वेळ. थंड बॉयलरपासून निघायचं तर आम्हाला चार ते सहा तास लागत. घाई केली तर धातू असमान तापून नुकसान होतं. त्यामुळे धोक्याच्या बंदरात बॉयलर सतत पेटता ठेवावा लागतो आणि जहाज उभ्याउभ्या तेल पितं. गरम ठेवलेलं डिझेल दाबाच्या हवेने काही मिनिटांत सुरू होतं. विमानांच्या काळात हे पल्ल्याइतकंच मोलाचं होतं.

मला शंका आहे ती मधल्या गिअरबॉक्सची. चार मोठी इंजिनं एका शाफ्टला जोडली की प्रत्येकाचे धक्के शाफ्टला पीळ देतात. ठरावीक फेऱ्यांवर ते धक्के एकमेकांत मिसळून शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले तर गिअरचे दात किंवा शाफ्ट तुटू शकतो. जर्मनांकडे यावर चांगलं साधन होतं : हेर्मान फॉटिंगर यांनी श्टेटीनच्या ‘व्हुल्कान’ गोदीत विकसित केलेलं द्रवाचं कपलिंग. इंजिन आणि गिअरच्या मध्ये धातूचा सांधाच नाही, फक्त फिरतं तेल. तेल काढून घेतलं की ते इंजिन वेगळं होतं, भरलं की जोडलं जातं. ‘डॉइचलांड’ वर्गात याचा अनुभव होता. तरी तिथला वेग आणि जागा वेगळी होती. इथे कंपनांचा प्रश्न सुटला असता की नाही याचं उत्तर समुद्रावरच्या चाचणीतच मिळालं असतं. माझा अंदाज, पहिले सहा महिने त्या गिअरबॉक्सवाल्यांनी हाल काढले असते आणि नंतर जहाज स्थिरावलं असतं. बहुतेक नव्या जहाजांचं तसंच होतं.

ती चाचणी कधी झालीच नाही. जहाज ब्रेमेनच्या ‘आ. गे. वेझर’ गोदीत १९४३ मध्ये बांधायला घेतलं. काळ बघा. ३१ डिसेंबर १९४२ ला बॅरेंट्स समुद्रात जर्मन जड जहाजांची फजिती झाली, हिटलर संतापला, आणि ३० जानेवारी १९४३ ला नौदलप्रमुख रेडर गेले. त्यांच्या जागी पाणबुड्यांचे सेनापती ड्योनिट्स आले. त्यानंतर पोलाद, वेल्डर, तांबं आणि विशेषतः डिझेल इंजिनं या सगळ्यांवर पहिला हक्क पाणबुडीचा होता. झेड ५१ ची पंचाईत इथे झाली. वाफेच्या विनाशिकेचा टर्बाइन पाणबुडीच्या कामाचा नसतो, पण झेड ५१ ची इंजिनं घडवणारे ‘मान’चे कारागीर पाणबुड्यांसाठीही लागत होते. ब्रिटिशांनाही हे ठाऊक होतं. १७ एप्रिल १९४२ ला बारा लँकेस्टर विमानांनी भर दिवसा, अगदी खालून उडत जाऊन ऑग्सबुर्गच्या ‘मान’ कारखान्यावर हल्ला केला, तो पाणबुड्यांच्या डिझेल इंजिनांसाठी. बारांपैकी सात विमानं परतली नाहीत. एवढी किंमत मोजावी इतकं ते इंजिन मोलाचं होतं. ‘आ. गे. वेझर’ गोदीतच १९४४ पासून नव्या एकविसाव्या प्रकारच्या पाणबुड्यांची जुळणी सुरू झाली. एकाच आवारात, त्याच क्रेनखाली.

एक निर्णय मात्र मला कळत नाही आणि त्याचं वाईट वाटतं. झेड ५१ हा नमुना होता. तो समुद्रात पळवून बघायचा, मग पुढची मालिका ठरवायची. प्रत्यक्षात झेड ५२ ते झेड ५६ या आणखी मोठ्या डिझेल विनाशिका, सहा दुहेरी उपयोगाच्या तोफांसह, १९४३ मध्येच त्याच गोदीत सुरू केल्या गेल्या. नमुन्याचं इंजिन अजून फिरलंही नव्हतं. १९४४ मध्ये त्या पाचही जहाजांचं काम थांबवून स्लिपवेवरच (जहाज बांधायच्या उतारावरच) पोलाद कापून काढलं. ती जागा, ते पोलाद आणि ती माणसं आधीच झेड ५१ कडे दिली असती तर ती निदान चाचणीपर्यंत पोचली असती. नमुन्याआधी मालिका सुरू करण्याची चूक मी नंतरच्या काळातही जवळून पाहिली आहे, आणि दर वेळी तिचा भुर्दंड नमुन्यालाच बसतो.

झेड ५१ चं जलावतरण २ ऑक्टोबर १९४४ ला झालं. त्याआधीच, २९ जुलैला, तिथेच ब्रेमेनला पूर्ण होत आलेली वाफेची विनाशिका झेड ४४ बॉम्बहल्ल्यात बुडाली होती. म्हणजे पाण्यात उतरवून सजावट करत ठेवलेल्या जहाजाचं काय होतं हे सगळ्यांसमोर होतं. पण उतरवण्यावाचून इलाज नसतो, कारण इंजिनं, तोफा, नळजोडणी ही मोठी कामं पाण्यावरच व्हायची. २१ मार्च १९४५ ला दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यात झेड ५१ तिथेच बुडाली. एप्रिलच्या अखेरीला ब्रिटिशांनी ब्रेमेन घेतलं. युद्धानंतर सांगाडा तोडून भंगारात गेला.

फरक पडला असता का? १९४५ मध्ये, अजिबात नाही. तोवर विनाशिकांचं काम उरलं होतं ते बाल्टिकमध्ये निर्वासित वाहून नेणं आणि किनाऱ्यावर तोफा डागणं. तेलाचा तुटवडा इतका होता की पल्ला कितीही असो, टाकी भरायलाच काही नव्हतं. डिझेल विनाशिका १९३८-३९ मध्ये तयार असती तर नार्विकची गोष्ट वेगळी झाली असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण ते इंजिन तेव्हा तयार नव्हतं, आणि ते लवकर तयार व्हावं म्हणून पैसा व माणसं लावण्याऐवजी सगळा भरवसा उच्च दाबाच्या वाफेवर टाकला गेला होता. ‘डॉइचलांड’ १९३३ पासून डोळ्यांसमोर चालत असताना हे झालं.

युद्धानंतर या प्रश्नाला दुसरंच उत्तर मिळालं. पश्चिम जर्मनीच्या ‘क्योल्न’ वर्गाच्या फ्रिगेट्समध्ये, ज्यांतली पहिली १९६१ मध्ये सेवेत आली, रोजच्या वेगासाठी ‘मान’ची डिझेल इंजिनं आणि घाईच्या वेळेसाठी गॅस टर्बाइन बसवले. झेड ५१ च्या मधल्या शाफ्टवरची चार अवजड इंजिनं जे काम करणार होती ते हलक्या गॅस टर्बाइनकडे गेलं, आणि बाहेरची दोन डिझेल इंजिनं जे करणार होती ते डिझेलकडेच राहिलं. मुंबईत माझगाव गोदीत बांधलेली आपली ‘शिवालिक’ २०१० मध्ये सेवेत आली. तिच्यातही दोन डिझेल इंजिनं आणि दोन गॅस टर्बाइन आहेत. तिच्या इंजिनरूममध्ये पहिल्यांदा उतरलो तेव्हा नुसत्या दोन डिझेलवर शांतपणे चाललेलं जहाज बघून मला ब्रेमेनच्या त्या आराखड्याची आठवण आली होती.

झेड ५१ चं बघायला आज काही उरलेलं नाही. ‘आ. गे. वेझर’ गोदीही १९८३ मध्ये बंद झाली. पण ती का बांधायला घेतली हे डोळ्यांनी पाहायचं असेल आणि कधी उत्तर नॉर्वेत जाणं झालं, तर नार्विकजवळ रोम्बाक्सबोट्नपर्यंत चालत जा. ‘गेओर्ग थीले’ ही विनाशिका १३ एप्रिल १९४० ला तिच्या माणसांनी तिथे किनाऱ्यावर चढवली. तिचं गंजलेलं नाक अजून पाण्याबाहेर आहे.